डीएस-१६०: जुनी केस सांगावी की गाळावी?

अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म विचारतो: कधी अटक किंवा शिक्षा झाली होती का? पुढे माफी मिळाली असली, तरी सांगायचं.

'नाही' लिहिलं की त्या दिवसापुरती सुटका. पण महत्त्वाची बाब मुद्दाम लपवल्याचं ठरलं, तर मूळ गुन्हा राहतो बाजूला आणि खोटेपणासाठीच कायमची बंदी येऊ शकते.

'हो' लिहिलं तर खुलासा, निकालाची प्रमाणित प्रत, कदाचित उशीर. (कोर्टात नकलेसाठी खेटे कुणाला आवडतात!) तरी श्रावणात तीनपत्ती खेळताना पकडला जाऊन दंड भरलेल्याला मी 'हो'च लिहायला सांगेन. नैतिक अधःपातात (म्हणजे चोरी-फसवणुकीसारख्या, व्हिसा अडवू शकणाऱ्या गुन्ह्यांत) मोडणाऱ्या एकुलत्या किरकोळ गुन्ह्यालाही तिथला कायदा सवलत देतो: कायद्यातली कमाल कैद १ वर्षापर्यंत आणि प्रत्यक्ष सुनावलेली ६ महिन्यांपर्यंत असेल तर.