जुन्या बाजारातली ‘महायुद्धातली’ टोकनं

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अधूनमधून पितळी टोकनं दिसतात. एका बाजूला दुकानाचं नाव आणि 1943, दुसऱ्या बाजूला किंमत. ती दुसऱ्या महायुद्धातली, सुट्ट्यांऐवजी चाललेली, असं विक्रेता सांगतो. त्यातलं अर्धं खरं असतं, म्हणूनच गिऱ्हाईक गळाला लागतं. युद्धात सुट्ट्यांची चणचण होतीच. धातू युद्धाकडे, नाणी लोकांच्या मडक्यांत. 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1943 मध्ये 4.86 ग्रॅमच्या पैशाच्या जागी 2 ग्रॅमचा भोकाचा पैसा आला. सुट्टे नसले की काही दुकानदार चिठ्ठी किंवा टोकन टेकवत.

अशा 15 टोकनांची पुरचुंडी एका संग्राहकाने 6,000 रुपयांना उचलली. वाडा पाडताना भिंतीत सापडली म्हणे! घरी ओळीत मांडल्यावर पंधराही टोकनांवर एकाच अक्षराच्या पायाशी तोच ओरखडा. टोकनं ठोकायच्या ठशाला तडा गेला असता तर टोकनावर रेघ उठून आली असती. इथे ती खोलगट होती, म्हणजे ओरखडा मूळ टोकनावरचा. त्याचा साचा काढून पितळ ओतलेलं. दहापट भिंगाखाली बाकीचंही दिसलं: अक्षरांच्या बगलेत अडकलेल्या हवेची बारीक छिद्रं, कडेला साच्याचा सांधा कानशीने घासल्याच्या खुणा. ठसा मारलेल्या टोकनाची अक्षरं काठाला धारदार असतात, ही साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती.

वजनकाट्याचा आणि चुंबकाचा इथे उपयोग नाही. खाजगी टोकनाला सरकारी माप नव्हतं, आणि पितळ खरं असो वा खोटं, चुंबकाला चिकटत नाही. हिरवट थरावर मात्र ॲसिटोनचा बोळा फिरवावा. रंग किंवा लॅकर लावलेलं असेल तर बहुधा बोळ्यावर उतरतं, मुरलेला गंज जागचा हलत नाही.

खरं तर मजकूर वाचला असता तरी पुरे होतं. किंमत ‘5 पैसे’. चार पैशांचा आणा असताना पाचाचं टोकन कोण काढेल? शिवाय गावाचं इंग्रजी स्पेलिंग आजचं. तेव्हा इंग्रजीत सर्रास ‘पूना’ लिहीत.

कागदी चिठ्ठी असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात सर्रास आलं युद्धानंतर. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती प्रिंटरची.

पैसे रोख दिले होते, पावती नव्हती. पुढच्या रविवारी त्या जागी चपलांची पथारी होती.