मोठ्या रिमने पिकअप मऊ चालते, असं सांगून मला फसवलं

पिकअपला मोठी रिम बसवली की गाडी खड्ड्यांवरून अलगद जाते, असं सांगून एका टायरवाल्याने मला २० इंची एलॉय (मिश्रधातूच्या रिम) आणि टायरचा अख्खा संच विकला. गाडी मऊ तर झाली नाहीच, वर तिची वजन पेलण्याची ताकदही घटली. हेच बोलणं ऐकून आणखी कुणी फसू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

माझी पिकअप डबल कॅबची. मागच्या सीटवर आई बसते, तिला मणक्याचा त्रास आहे. हौदा रिकामा असला की मागची बाजू फार उसळते. पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्या रचलेल्या स्प्रिंगा, माल पेलण्यासाठी कडक बनवलेले असतात, त्यामुळे रिकाम्या गाडीत हे व्हायचंच. दुकानात मी स्पष्ट सांगितलं होतं, की गाडीच्या दिसण्याचं मला काही नाही, आईला बसणारे धक्के कमी व्हायला हवेत. उत्तर तयारच होतं. "साहेब, १७ ची चाकं काढून टाका. चाक जेवढं मोठं, तेवढं खड्ड्यात कमी उतरतं. २० ची घाला, कारसारखी चालेल."

यातला अर्धा भाग खरा आहे आणि म्हणूनच तो पटतो. बाहेरून मोजलेलं अख्खं चाक मोठं असेल, तर ते खड्ड्यात कमी उतरतं. पण माझं अख्खं चाक मोठं झालंच नव्हतं. माझे मूळ टायर होते २६५/६५ आर १७. म्हणजे रुंदी २६५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १७२ मिमी, आणि रिम १७ इंच. सगळं मिळून चाकाचा व्यास सुमारे ७७६ मिमी. नवे टायर २६५/५० आर २०. त्यांची भिंत जेमतेम १३२ मिमी आणि पूर्ण व्यास ७७३ मिमी. खड्ड्याच्या दृष्टीने चाक होतं तेवढंच राहिलं. वाढली ती फक्त आतली रिम, आणि तिने जागा घेतली ती टायरच्या रबराची आणि हवेची. दगड, रस्त्यातला सांधा, खड्ड्याची कड यांचा पहिला तडाखा हीच हवा आणि हीच भिंत झेलते. पाटे आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांची पाळी त्यानंतर. भिंतीतले ४० मिमी गेले, म्हणजे आईच्या पाठीपर्यंत धक्का पोचण्याआधीची गादीच पातळ झाली. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, त्यामुळे धक्का बसल्यावर चाक आवरायला शॉक अ‍ॅब्सॉर्बरला जास्त झगडावं लागतं.

मग चाचणी घेताना हे कळलं कसं नाही? कारण टायरमध्ये हवा मुद्दाम कमी भरली होती. त्या दिवशी गाडी खरंच मऊ वाटली, आणि तेवढ्यात माझा जुना संच एक्स्चेंजमध्ये जमा झाला. पुढे दुसरीकडे हवा तपासली, तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेल्या दाबापेक्षा ती बरीच कमी निघाली. बरोबर दाब भरल्यावर प्रत्येक सांध्याला गाडी आपटू लागली. आई म्हणाली, "आधीची बरी होती रे." माल भरून कमी हवेवर धावणाऱ्या टायरच्या भिंती सतत दुमडतात, तापतात आणि फुटतात. गिऱ्हाइकाला गाडी मऊ वाटावी म्हणून असं करणं हा जिवाशी खेळ आहे, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

दुसरी गोष्ट त्याहून लपलेली. टायरवर मापाशेजारी जो आकडा असतो, तो लोड इंडेक्स. माझ्या मूळ टायरवर ११२ होता, म्हणजे एका टायरला कमाल ११२० किलो. नव्यांवर १०७, म्हणजे ९७५ किलो. मागच्या दोन टायरांत मिळून २९० किलोंची क्षमता कमी झाली आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. याच मापात जास्त लोड इंडेक्सचे टायरही बनतात. त्यांनी ते दाखवलेच नाहीत.

तक्रार घेऊन गेलो, तर नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्या म्हणाले, आणि मागच्या पाट्यांतली एक पट्टी काढून टाकू, असंही सुचवलं. पट्टी काढली की गाडीची भार पेलण्याची क्षमता आणखी घटते. मी नकार दिला. जुना संच मागितला, तर तो केव्हाच विकला गेला होता.

२० इंची रिम वाईटच असते असं मी म्हणणार नाही. काही पिकअप कारखान्यातूनच त्या घेऊन येतात, पण तिथे टायर, पाटे आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकमेकांना जुळवून बसवलेले असतात. धक्के कमी करण्यासाठी मात्र रिम मोठी करण्याचा सल्ला कुणी दिला, तर दोन्ही टायरांची भिंत टेपने मोजा. लोड इंडेक्स स्टिकरशी किंवा मूळ टायरशी ताडून पाहा. चाचणीला निघण्यापूर्वी हवेचा दाब स्वतःच्या गेजने तपासा आणि गाडी खराब रस्त्यावर न्या. जुनी चाकं तोवर ताब्यात ठेवा. मी शेवटी १७ इंची दुसरा संच घेतला, मूळ मापाचाच, आणि आई पुन्हा मागे बसू लागली.

आणि बिलावर पूर्ण माप, लोड इंडेक्स, एक्स्चेंजच्या अटी, सगळं लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त "एलॉय व टायर, ४ नग" एवढंच होतं. पैसे परत मागायला गेलो, तेव्हा त्याच ओळीवर बोट ठेवून मला विचारलं गेलं, "मऊ चालेल असं आम्ही कुठे लिहून दिलंय?"