बोस्टनला आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा बोही चहा (1773): भावात खोट नाही, अटींत आहे

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतवाल्यांनी बोस्टनच्या बंदरात फेकला (‘बोस्टन टी पार्टी’), तोच हा चहा. माल ठीकठाक. चीनच्या वुई डोंगरांतला काळा चहा, पण लंडनच्या गोदामांत पडून राहिलेला. ताजेपणाची अपेक्षा ठेवू नये. तो आणणाऱ्या तीन जहाजांवर सिंग्लो, हायसन असे हिरवे चहाही होते, तरी 340 खोक्यांपैकी 240 बोहीचीच.

चहा महागला म्हणून वसाहतवाले भडकले, हा समज चक्क उलटा आहे. मे 1773च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला थेट अमेरिकेत माल पाठवायची मुभा मिळाली, ब्रिटनमधली जकातही परत मिळू लागली, आणि एक पौंड वजनाला तीन शिलिंगांचा बोही दोनवर येणार होता. चोरटा डच चहासुद्धा याहून एका पेनीने महाग! खोट होती ती पौंडामागच्या 3 पेन्स करात. ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींवर लावलेले 1767चे टाउनशेंड कर 1770 मध्ये उठले, चहावरचा मात्र मुद्दाम ठेवला. लावणाऱ्या पार्लमेंटात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नाही, आणि त्याच पैशातून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा पगार निघणार. पगार अडवून गव्हर्नरला वाकवायची स्थानिक विधानसभेची जुनी चावी त्यामुळे गेली. हे एकदा कळलं की स्वस्ताईचा संशय का आला ते वेगळं सांगावं लागत नाही.

विक्री फक्त नेमलेल्या अडत्यांकडे. बोस्टनच्या अडत्यांत खुद्द गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे. बाकी व्यापारी बाहेर.

माल परत करायची सोय सगळ्यांत वाईट. डार्टमथ जहाज 28 नोव्हेंबरला आलं, कस्टममध्ये नोंद झाली आणि तिथेच अडकलं: 20 दिवसांत कर भरा, नाहीतर माल जप्त. कर न भरता बाहेर पडायचा परवाना हचिन्सनने दिला नाही. फिलाडेल्फियावाल्यांनी पॉली जहाज नोंदीआधी नदीतच थोपवलं, म्हणून ते चहासकट माघारी गेलं.

पॅकिंग मात्र भक्कम. आतून शिशाचा पत्रा, भरलेलं बोहीचं खोकं दीडशे किलोच्या पुढे. 16 डिसेंबरच्या रात्री चहा बंदरात फेकताना एकेक खोकं डेकवर ओढून कुऱ्हाडीने फोडावं लागलं. तीन जहाजांना जवळपास तीन तास लागले. त्यात ओहोटी. उथळ पाण्यात चहाचे ढीग जहाजांच्या कडेला साचत गेले, ते पुन्हा लोटावे लागले.