ब्रोकोली कॅप्सूलची डबी घेण्याआधी मागची बाजू वाचा

‘लिव्हर डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्रोकोली कॅप्सूलमागचं विज्ञान खरं आहे. ब्रोकोलीपासून मिळणारं सल्फोराफेन हे द्रव्य पेशीतल्या कीप-१ प्रथिनाला चिकटतं, त्याने अडवून धरलेलं एनआरएफ-२ हे दुसरं प्रथिन मोकळं होतं आणि जीएसटी, एनक्यूओ-१ ही विषारी द्रव्यं निकामी करणारी एन्झाइम्स जास्त बनू लागतात. अशी एन्झाइम्स वाढवणारं द्रव्य शोधतानाच १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलाले यांच्या गटाने सल्फोराफेन ब्रोकोलीतून वेगळं काढलं. घोळ आहे तो डबीत.

ब्रोकोलीत सल्फोराफेन आयतं नसतं. असतं ग्लुकोराफेनिन. भाजी चिरली, चावली की मायरोसिनेज हे एन्झाइम त्याला भिडतं आणि मग सल्फोराफेन तयार होतं. अर्क काढताना जास्त उष्णता लागली तर मायरोसिनेज निकामी होतं. मग सगळी भिस्त आतड्यातल्या जिवाणूंवर, आणि त्यांचं काम माणसागणिक फार बदलतं.

म्हणून डबीवर नुसतं ‘ब्रोकोली अर्क ५०० मिलिग्रॅम’ असेल तर ती घेऊ नका. ग्लुकोराफेनिन किती ते छापलेलं हवं, आणि सोबत मायरोसिनेज हवंच. थोडं क जीवनसत्त्व असेल तर आणखी चांगलं, त्याने मायरोसिनेजला वेग येतो. आकड्यातही मेख आहे: ३० मिलिग्रॅम ग्लुकोराफेनिन पूर्ण बदललं तरी सल्फोराफेन मिळतं जेमतेम १२ मिलिग्रॅम.

खरं तर भाजी नीट केली तर डबीची गरज क्वचितच पडते. ब्रोकोली बारीक चिरून अर्धा तास ठेवा, मग ३-४ मिनिटं वाफवा. उकळून पाणी ओतून दिलंत तर बराचसा ऐवज त्यासोबत जातो. आधीच शिजवली असेल तर २०० ग्रॅम भाजीवर १ ग्रॅम कच्च्या मोहरीची पूड घाला. मोहरीतही मायरोसिनेज असतं. तडतडवलेल्या मोहरीचा इथे उपयोग नाही. ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या कोंबांत तर वाढलेल्या गड्ड्याच्या १० ते १०० पट ग्लुकोराफेनिन असू शकतं.

कॅप्सूल घेऊन वर नुसत्या रसावर राहणं मात्र साफ चूक. जीएसटीला काम करायला ग्लुटाथायोन हे द्रव्य लागतं आणि ते सिस्टीन, ग्लुटामेट, ग्लायसिन या अमिनो आम्लांपासून बनतं. जेवणात प्रथिनं नसतील तर एन्झाइम वाढूनही त्याला कच्चा माल कमी पडतो. शिवाय अनेकांच्या शरीरात जीएसटीचा एक प्रकार बनवणारं जीएसटीएम-१ हे जनुकच नसतं. त्यांचं ते एन्झाइम कशानेही वाढत नाही.

रोजची औषधं चालू असतील तर कॅप्सूल डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.