नौपाड्यातली परभणी शक्ती ज्वारी, नक्की घेऊन बघा

नौपाड्यात आतल्या गल्लीत धान्याचं छोटं दुकान आहे, तिथे नेहमीची मालदांडी ज्वारी तर मिळतेच पण परभणी शक्ती पण मिळते आणि हा रिव्ह्यू खास तिच्यासाठीच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत २०१८ ला आणलेली ही जात, किलोमागे साधारण ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त, नेहमीच्या ज्वारीत ३० आणि २० च्या आसपास. पिठात वरून काही मिसळलेलं नाही, निवड करत करत बियाण्यातच आणलंय. आमच्याकडे सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे मला तरी हे फार मोलाचं काम वाटतं.

चवीला मालदांडी जास्त गोड, ते मान्यच. पण ताजं दळून, उकळतं पाणी घालून तळहाताने चांगलं मळलं की हिचीही भाकरी टम्म फुगते, पापुद्रा पण सुटतो. तयार पिठाच्या पाकिटावर मात्र दळल्याची तारीख नाही, ती हवीच, कारण जुनं होऊन विरी म्हणजे चिकटपणा गेलेलं पीठ थापताना कडेला फाटतं. त्यापेक्षा अख्खी ज्वारी घ्या, शेजारीच चक्की आहे आणि तिथले काका ज्वारीचं दळण गव्हावर टाकत नाहीत.