ड्रॉइंग, ऑफिस, टॅली : लायसन्स कुठे घ्यावं आणि मुक्त सॉफ्टवेअर कुठे चालेल

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या छोट्या मशीन शॉपमध्ये तीन-चार कॉम्प्युटर असतात. त्यातले एक-दोन जुने, आणि काहींवर क्रॅक टाकलेली (लायसन्स न घेता कुलूप तोडून चालवलेली) सॉफ्टवेअरं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे निर्णय आता टाळता येत नाही. 'सगळं अधिकृत घेऊ' किंवा 'सगळं लिनक्सवर (विंडोजऐवजीची मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली प्रणाली) नेऊ' ही दोन्ही उत्तरं महागात पडतात. प्रत्येक कॉम्प्युटरपुरता एकच प्रश्न विचारा: यावर उघडायची फाइल कोण पाठवतं?

क्रॅकचा पर्याय आधी बाद करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. कारखान्याला ती सवलत नाही.

खरी ओढाताण आहे ती ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरवर. ड्रॉइंगचं नेहमीचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड विकणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६ पासून कायमची लायसन्स विकणं बंद केलं, त्यामुळे ऑटोकॅडचं भाडं दरवर्षी भरावं लागतं. समोर फ्रीकॅड हे मुक्त ड्रॉइंग सॉफ्टवेअर फुकट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि एक जुनं दुखणं बरंच कमी झालं: आधी स्केचमध्ये एक रेघ बदलली की फिलेट (कडेची गोलाई) भलत्याच कडेवर जाऊन बसायचे. कास्टिंगचं थ्रीडी मॉडेल, पॅटर्नसाठी ग्रे आयर्नचं साधारण १ टक्का श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसण्याची भरपाई (स्केल १.०१), फिक्श्चर, गेज ही कामं त्यावर नीट होतात. ग्राहकाची स्टेप फाइलही (थ्रीडी आकार देण्याघेण्याचा सामाईक साचा) व्यवस्थित उघडते. मात्र स्टेपमधून आकार येतो, टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) येईलच असं नाही. टॉलरन्स पीडीएफवरूनच वाचा.

घोडं अडतं ते डीडब्ल्यूजीवर, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वतःच्या फाइलवर. फ्रीकॅड ती फाइल थेट वाचत नाही. ओडीए फाइल कन्व्हर्टरसारखं सॉफ्टवेअर वेगळं टाकून तिची डीएक्सएफ (इतर सॉफ्टवेअरंही वाचतात अशी ड्रॉइंग फाइल) करून घ्यावी लागते (हा कन्व्हर्टर फुकट आहे, मुक्त नाही). या फेऱ्यात ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमधली अक्षरं बदलू शकतात, ब्लॉक (एकत्र बांधलेले आकार) तुटू शकतात, हॅच (छेदावरच्या रेघा) गायब होऊ शकतात. सगळ्यात वाईट म्हणजे युनिटचा घोळ: इंचातलं ड्रॉइंग मिलिमीटर समजून उघडलं की सगळी मापं २५.४ पटींनी चुकतात. फाइल उघडल्यावर आधीच माहीत असलेलं एखादं माप, समजा बोअरचा व्यास, आधी मोजा.

म्हणून ग्राहक डीडब्ल्यूजीच पाठवत असेल आणि दुरुस्ती करून तीच परत मागत असेल, तर फ्रीकॅडचा हट्ट धरू नका. झेडडब्ल्यूकॅड किंवा ब्रिक्सकॅड डीडब्ल्यूजी थेट उघडतात आणि त्यांची कायमची लायसन्स मिळतात. ती कंपन्यांचीच सॉफ्टवेअरं आहेत, पण दरवर्षीचं भाडं सुटतं. ग्राहक स्टेप आणि पीडीएफ देत असेल तर फ्रीकॅड पुरतो. त्यातून व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) प्रोग्राम काढणार असाल तर पोस्ट-प्रोसेसर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा भाग) तुमच्या कंट्रोलरला जुळतो का ते तपासा, आणि पहिला प्रोग्राम झेड ५० मिमी वर उचलून हवेत चालवा.

ऑफिसचं गणित सोपं आहे. बिलं, कोटेशन, ईमेल एवढंच काम असेल तर ४ जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती आणि लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मुक्त सॉफ्टवेअर) चालतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी मात्र बसवा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन तपासा. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर हमखास त्रास देतो. एक्सेलमधले व्हीबीए मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम) लिबरऑफिसमध्ये अर्धवटच चालतात, तेव्हा कॉस्टिंगची मॅक्रोवाली शीट असेल तर तो एक कॉम्प्युटर विंडोजवर ठेवा. श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टमध्ये) टाइप केलेली जुनी पत्रं तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलून मगच हलवा.

मुक्त आणि कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या या भांडणाचं मूळ फाइलच्या साच्यातच आहे. ओडीएफ (लिबरऑफिसच्या फाइलींचा साचा) २००६ मध्ये आयएसओ मानक झालं. मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएलला (वर्ड-एक्सेलच्या फाइलींचा साचा) २००८ मध्ये ती मान्यता मिळाली, तीही भारताने विरोधात मत दिलेलं असताना. पुढे २०१८ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने गिटहब (मुक्त सॉफ्टवेअरचा कोड जिथे ठेवतात ती वेबसाइट) विकत घेतलं. कंपन्या मुक्त सॉफ्टवेअरच्या शत्रू राहिल्या नाहीत, पण तुमची फाइल त्यांच्या साच्यात राहावी हा आग्रह सुटलेला नाही. बाहेर पाठवायचं कोटेशन म्हणूनच पीडीएफमध्ये पाठवा.

हिशोबाच्या टॅलीला हात लावू नका. ती विंडोजवरच चालते, आणि तुमचा सीए तिचाच डेटा मागणार. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट (सगळा कारभार एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर) मुक्त आहे, जीएसटीही हाताळतं, पण सर्व्हर, मांडणी आणि माणसं शिकवणं याचा खर्च येतोच. स्टोअर, जॉबवर्कची चलनं आणि खातं एकत्र आणायचं असेल तरच त्याचा विचार करा, आणि सुरुवात १ एप्रिलला करा. वर्षाच्या मध्यात ओपनिंग बॅलन्स जुळवताना दोन्हीकडे नोंदी करत बसावं लागतं.