मॅट्रिजेल: प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींच्या चिकटण्याच्या चाचणीत कितपत उपयोगी?

प्लेटवर पेशींना आधार म्हणून मॅट्रिजेल हा प्रथिनांचा अर्क वापरतात. पेशींच्या त्रिमितीय वाढीसाठी तो जरूर घ्यावा. नुसतं ‘किती पेशी चिकटल्या’ एवढंच मोजायचं असेल, तर शुद्ध लॅमिनिन (पेशी ज्याला धरून बसतात असं एक प्रथिन) जास्त सोयीचं पडतं. तरी बहुतेक लॅबमध्ये दोन्ही कामं एकाच बाटलीतून होतात आणि तिथेच आकडे बिघडतात.

मॅट्रिजेल म्हणजे उंदराच्या ईएचएस सार्कोमा या कर्करोगाच्या गाठीतून काढलेला अर्क. त्यात ढोबळमानाने ६० टक्के लॅमिनिन, ३० टक्के टाइप-४ कोलॅजेन, ८ टक्के एन्टॅक्टिन (ही सगळी प्रथिनंच) आणि थोडे टीजीएफ-बीटा, ईजीएफ यांसारखे वाढघटक असतात. चिकटण्याच्या कामासाठी वाढघटक कमी केलेला प्रकारच घ्यावा. त्यातही वाढघटक पूर्ण गेलेले नसतात, हे मात्र धरून चालावं. एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशीजातीवर संप्रेरकांचे प्रयोग करायचे असतील तर फिनॉल रेड नसलेली बाटली मागवा. हे आम्लता दाखवणारं रंगद्रव्य थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतं. या पेशींच्या अँड्रोजेन रिसेप्टरमध्ये (पुरुषी संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनात) टी-८७७-ए हे उत्परिवर्तन आहे, त्यामुळे तो इस्ट्रोजेनलाही दाद देतो. मग रंगद्रव्याची शंका मागे कशाला ठेवायची?

खरी कसोटी हाताळणीत आहे. १० अंशांच्या वर गेलं की हे घट्ट व्हायला लागतं. बाटली रात्रभर ४ अंशांवर बर्फात ठेवून वितळवायची. टिपा, नळ्या आणि प्लेट आधीच गार करायच्या. मग एका वेळेला लागेल तेवढे भाग पाडून उणे २० वर ठेवून द्यायचे, कारण पुन्हापुन्हा गोठवलं-वितळवलं की माल उतरतो. आपोआप बर्फ काढणारा फ्रीझर टाळा, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. वितळलेला अर्क कधी पिवळट दिसतो, कधी गडद लाल. फिनॉल रेड आणि बायकार्बोनेटवर कार्बन डायऑक्साइडचा परिणाम होतो, एवढंच ते. त्यासाठी बाटली फेकायची गरज नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘एकास पन्नास पातळ केलं’ या वाक्याने होतो. प्रथिनाचं प्रमाण लॉटनुसार (उत्पादनाच्या तुकडीनुसार) बदलतं, त्यामुळे हिशेब मिलिग्रॅममध्येच करावा. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटला वेलमागे ५० मायक्रोलीटर म्हणजे ४.८ मिलिलीटर, थोडं वाया जाईल म्हणून ५ धरा. मिलिलीटरला २०० मायक्रोग्रॅम हवं असेल तर एकूण १ मिलिग्रॅम लागतं. लॉट मिलिलीटरला ८ मिलिग्रॅमचा असेल तर १२५ मायक्रोलीटर, १२ चा असेल तर जेमतेम ८३. हा लेप आहे, जेल नव्हे. जेल धरायला मिलिलीटरला निदान ३ मिलिग्रॅम लागतं.

लेप बसला की १ टक्का बीएसए या प्रथिनाने उरलेलं प्लास्टिक झाकायचं, नाहीतर पेशी प्लास्टिकलाच चिकटतात आणि ते मॅट्रिजेलच्या नावावर जमा होतं. वाढवलेल्या पेशी भांड्यातून सोडवायला ट्रिप्सिन हे विकर नको, ते पृष्ठभागावरची प्रथिनं छाटतं. ईडीटीए वापरा, पण नंतर नीट धुवा. इंटिग्रिनला, म्हणजे पेशी ज्यांनी चिकटतात त्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना, कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं आणि उरलेलं ईडीटीए तेच पळवतं. धुण्याचा पीबीएस हा क्षारद्रवही कॅल्शियम-मॅग्नेशियमवालाच हवा. माध्यम सिरमविना ठेवा, सिरममधलं फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन स्वतःच पेशी धरून ठेवतं.

वेलमागे ४०,००० पेशी, ३० ते ६० मिनिटं, मग हलक्या हाताने दोन-तीनदा धुणं, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, क्रिस्टल व्हायोलेट, १० टक्के ॲसिटिक आम्लात रंग विरघळवून ५९० नॅनोमीटरला मोजणी. लेपालाही थोडा जांभळा रंग चढतो. म्हणून पेशी न घातलेल्या, पण लेप दिलेल्या वेल्स प्रत्येक प्लेटवर हव्यातच. त्यांचा आकडा वजा केल्याशिवाय तुलना करू नये. एलएनकॅप मुळातच सैल चिकटतात आणि गुठळ्या करतात. पीसी-३ या प्रोस्टेट कर्करोगाच्या दुसऱ्या पेशीजातीसारख्या जोराने धुतल्या तर सगळ्याच वाहून जातात आणि ‘चिकटत नाहीत’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

आता मालाची खरी मर्यादा. लॅमिनिनचे प्रकार आकड्यांनी ओळखतात, आणि मॅट्रिजेलमधलं लॅमिनिन मुख्यतः १११ आहे. प्रौढ प्रोस्टेटच्या तळपटलात (पेशींच्या थराखालच्या पातळ पडद्यात) महत्त्वाची लॅमिनिन ३३२ आणि ५११. त्यातलं ३३२ कर्करोगात हरवतं. सोबत अल्फा-६ बीटा-४ ही इंटिग्रिनची जोडी जाते आणि अल्फा-६ बीटा-१ टिकून राहते. त्यामुळे मॅट्रिजेलवर पेशी चिकटल्या, एवढ्यावरून त्या शरीरात काय धरून बसल्या असतील हे सांगता येत नाही. निदान जीओएच-३ या अल्फा-६ रोखणाऱ्या प्रतिपिंडाने चिकटणं कमी होतं का, ते तपासावं. हाडात पसरण्याचा प्रश्न असेल तर टाइप-१ कोलॅजेनचा लेप घ्या. हाडाचा सेंद्रिय भाग मुख्यतः त्याचाच असतो, आणि पीसी-३ या पेशी हाडातल्या गाठीतूनच आलेल्या आहेत. त्यांच्यात अल्फा-कॅटेनिन हे जोडप्रथिन नाही, म्हणून कॅडहेरिन या प्रथिनाने पेशी-पेशींमध्ये होणाऱ्या बंधासाठी त्या चुकीचं प्रतिमान ठरतात. मॅट्रिक्सवर चिकटण्यासाठी मात्र चालतात.

ऑर्डर देताना सगळ्या प्रयोगाला पुरतील तेवढ्या बाटल्या एकाच लॉटच्या मागवा, आणि नवा लॉट आला की जुन्याचे एक-दोन भाग शिल्लक असतानाच दोन्ही एकाच प्लेटवर लावून बघा.